टीएसएच नॉर्मल असूनही गलगंड का वाढतो? आयजीएफ आणि त्याला धरून ठेवणारी प्रथिनं

खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ताईंनी विचारलंय: "आईचं वय ५८. गळ्यावरची गाठ वीस वर्षांपासून आहे. मागच्या दोन वर्षांत ती वाढल्यासारखी वाटते, पण टीएसएच २.१, म्हणजे नॉर्मल. आईला सात वर्षं शुगर आहे. बेळगावात एका लॅबचं पॅकेज केलं, त्यात आयजीएफ बाइंडिंग प्रोटीन-३ कमीच्या कडेला आलंय. ही प्रथिनं थायरॉइडच्या वाढीवर आणि कामावर परिणाम करतात असं मी वाचलं. ते खरं आहे का? आईची गाठ यामुळेच वाढतेय का, आणि यावर औषध आहे का?"

ताई, परिणाम करतात हे खरं आहे. पण तुमच्या हातातल्या रिपोर्टवरून आईच्या गाठीबद्दल काहीही सांगता येत नाही. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी, ते सविस्तर लिहितो. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी भागातले गळे मी पंचवीसेक वर्षं तपासतोय आणि हा गोंधळ दर आठवड्याला ओपीडीत समोर येतो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. थायरॉइडची वाढ आणि थायरॉइडचं काम हे दोन वेगळे विषय आहेत. टीएसएच हे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं, थायरॉइडला हुकूम देणारं हार्मोन. टीएसएच नॉर्मल याचा अर्थ ग्रंथी शरीराला लागेल तेवढं हार्मोन बनवतेय. ती आकाराने वाढत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. मोठ्या गलगंडाचे कितीतरी पेशंट असे असतात की रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ आणि गळा भरलेला. उलट हाशिमोटोच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते त्या आजाराच्या, शेवटच्या टप्प्यात ग्रंथी आक्रसून सुपारीएवढी होते आणि टीएसएच शंभराच्या वर जातं. (गावाकडे गलगंडालाही गंडमाळ म्हणतात आणि टीबीच्या गाठींनाही. नातेवाइकांकडून नुसता 'गंडमाळ' शब्द ऐकला की मी आधी हात लावून बघतो, गाठ पाणी गिळताना वर सरकते का. थायरॉइडची गाठ सरकते, टीबीची सहसा नाही.)

आता मूळ मुद्दा. थायरॉइडच्या पेशीला वाढायला लावणारा मुख्य हुकूम टीएसएचचा, हे आपण शाळेपासून शिकतो. पण प्रयोगशाळेत थायरॉइडच्या पेशी बशीत वाढवायला घेतल्या तेव्हा लक्षात आलं की नुसत्या टीएसएचवर त्या फारशा वाढत नाहीत. १९८० मध्ये उंदराच्या थायरॉइडपासून एक पेशीसंच तयार झाला, एफआरटीएल-५ नावाचा. त्याला जगवायला जे माध्यम वापरतात त्यात सहा गोष्टी असतात, आणि टीएसएचबरोबर त्यात इन्शुलिन असतं, तेही शरीरात कधी नसतं एवढ्या मोठ्या प्रमाणात. एवढं इन्शुलिन कशाला? कारण त्या मात्रेत इन्शुलिन स्वतःच्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या, हुकूम घेणाऱ्या जागेवर) तर बसतंच, शिवाय शेजारच्या आयजीएफ-१ या वाढीच्या प्रथिनाच्या रिसेप्टरवरही बसतं. बशीत इन्शुलिनऐवजी अगदी थोडं आयजीएफ-१ घातलं तरी तेच काम होतं. म्हणजे टीएसएच आणि आयजीएफ हे जोडीने चालणारे बैल आहेत. एकटा टीएसएच गाडी थोडी हलवतो, दोघे जुंपले की ती वेगाने निघते. कुत्र्याच्या आणि माणसाच्या पेशींतही हीच जोडी दिसली.

आयजीएफ म्हणजे इन्शुलिनसारखा दिसणारा ग्रोथ फॅक्टर. १९५७ मध्ये त्याचा पहिला सुगावा लागला आणि १९७८ मध्ये त्याची रचना कळली. आयजीएफ-१ हे ७० अमायनो आम्लांचं लहान प्रथिन आहे. बहुतेक ते यकृत बनवतं, पिट्युटरीच्या ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून. पण थायरॉइड स्वतःसाठीही थोडं बनवते.

इथे धरून ठेवणारी प्रथिनं येतात. इन्शुलिन रक्तात मोकळं फिरतं. आयजीएफ जवळजवळ कधीच मोकळं नसतं, शंभरातला एक भागसुद्धा नाही. बाकी सगळं सहा प्रकारच्या बाइंडिंग प्रोटीननी घट्ट धरलेलं असतं. त्यांना एक ते सहा असे नंबर आहेत. रक्तातल्या आयजीएफपैकी पाऊण हिश्शाहून जास्त तिसऱ्या नंबरच्या ताब्यात असतं, आणि त्याला आणखी एक प्रथिन चिकटून तिघांचं एक मोठं गाठोडं होतं. हे गाठोडं इतकं मोठं की ते रक्तवाहिनीच्या बाहेर सहज पडत नाही. मोकळं आयजीएफ दहाएक मिनिटांत संपतं, गाठोड्यातलं बारा-पंधरा तास टिकतं.

बेळगावकरांना मी हे राकसकोपच्या उदाहरणाने सांगतो. जलाशय काठोकाठ भरलाय म्हणून आपल्या गल्लीतल्या नळाला पाणी येतंच असं नाही. मध्ये टाक्या आहेत, व्हॉल्व आहेत, आणि व्हॉल्व फिरवणारा माणूस आहे. रक्तातलं बाइंडिंग प्रोटीन-३ म्हणजे जलाशयाची पातळी. थायरॉइडच्या पेशीला मिळतं ते नळाचं पाणी. आणि व्हॉल्व फिरवणारे म्हणजे बाइंडिंग प्रोटीन तोडणारे एन्झाइम. त्यांनी प्रथिन कापलं की धरलेलं आयजीएफ तिथल्या तिथे सुटतं. चौथ्या नंबरचं प्रथिन कापणारं पॅप-ए हे एन्झाइम यातलं चांगलं अभ्यासलेलं आहे. गरोदरपणात ज्या पॅप-एची तपासणी करतात, तेच हे.

आणि हे व्हॉल्व फक्त रक्तात नाहीत. थायरॉइडच्या पेशी स्वतः बाइंडिंग प्रोटीन बनवून आपल्या भोवती सोडतात. या विषयातलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं निरीक्षण इथलंच आहे. मेंढीच्या थायरॉइड पेशींवर, आणि पुढे माणसाच्या पेशींवर, प्रयोग झाले. टीएसएच दिलं की या पेशी बाइंडिंग प्रोटीन कमी सोडतात. म्हणजे टीएसएच नुसता 'वाढ' असा हुकूम देऊन थांबत नाही, तो आपल्या जोडीदाराच्या वाटेतला अडसरही काढतो. आयजीएफ वाढलेलं नसताना पेशीपर्यंत पोहोचणारं आयजीएफ वाढतं. याच्या उलट, ईजीएफ नावाचा दुसरा ग्रोथ फॅक्टर दिला तर पेशी बाइंडिंग प्रोटीन जास्त सोडू लागतात, आणि त्याच वेळी त्यांचं थायरॉइड म्हणून जे काम, आयोडीन ओढून घेणं आणि हार्मोन बनवणं, ते मंदावतं. पेशी वाढत असतात, पण काम विसरतात.

विद्यार्थी असताना मी अशा पेशी मायक्रोस्कोपखाली पाहिल्या आहेत. टीएसएच नसलेल्या बशीत त्या तळाला फरशीसारख्या चपट्या पसरलेल्या होत्या, एकमेकींना जेमतेम कड लावून. टीएसएच असलेल्या बशीत त्याच पेशी गोळा होऊन छोटी छोटी वर्तुळं करून बसल्या होत्या, मध्ये पोकळी ठेवून. जिवंत ग्रंथीत असतात तसे फॉलिकल. पेशी एका जातीच्या, जनावर एक, फरक फक्त भोवतालच्या पाण्यात काय आहे याचा. ते दृश्य डोळ्यांसमोर असलं की वाढ आणि काम वेगळं का म्हणायचं, ते पटतं.

कामाच्या बाबतीत आयजीएफचा परिणाम सरळ नाही. टीएसएचबरोबर असताना आयजीएफ आणि इन्शुलिन थायरोग्लोब्युलिनचं उत्पादन वाढवतात. हार्मोन ज्यावर तयार होतं तो सांगाडा म्हणजे थायरोग्लोब्युलिन. हार्मोन बनवायला लागणारं टीपीओ हे एन्झाइमही वाढतं. पण उंदराच्या पेशींत, आयोडीन पेशीत ओढणाऱ्या पंपावर मात्र ते लगाम घालतात. त्यामुळे बाइंडिंग प्रोटीन वाढलं म्हणजे काम कमी, कमी झालं म्हणजे काम जास्त, असं एका ओळीचं गणित मांडता येत नाही. शिवाय ही प्रथिनं नेहमी अडवतातच असंही नाही. काही वेळा ती पेशीच्या भिंतीला किंवा आजूबाजूच्या जाळीला चिकटून बसतात आणि आयजीएफला रिसेप्टरच्या जवळ साठवून हळूहळू देत राहतात. तिसऱ्या नंबरचं प्रथिन तर आयजीएफचा संबंध नसतानाही पेशीच्या आत जाऊन तिची वाढ रोखू शकतं. विज्ञानाच्या शिक्षिका म्हणून तुम्हाला हे गुंतागुंतीचं वाटेल. ते आहेच तसं.

हे सगळं बशीतलं झालं. माणसात याचा पुरावा काय? आहे, आणि तो ठसठशीत आहे.

हुक्केरी तालुक्यातला एक शेतकरी काही वर्षांपूर्वी गळ्याच्या गाठीसाठी आला. टीएसएच नॉर्मल. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. मी गळा तपासताना त्याचे हात पाहिले. बोटं जाड, तळवे मऊ आणि ओले. अंगठीच्या जागी नुसता पांढरा वळ. विचारलं तर म्हणाला, "सोनाराकडनं कापून काढली, अडकली होती." चपलेचा नंबर? तोही आठवरून दहावर गेलेला. बायको म्हणाली, रात्री घोरण्याने घर हलतं. त्याला ॲक्रोमेगॅली होती, म्हणजे पिट्युटरीतल्या गाठीमुळे ग्रोथ हार्मोन आणि त्यामागोमाग आयजीएफ-१ बेसुमार वाढलेलं. या आजारात गलगंड अगदी नेहमी दिसतो, ग्रंथीचा आकार आयजीएफ-१च्या पातळीबरोबर जातो, आणि उपचारांनी आयजीएफ उतरलं की ग्रंथीही लहान होते. त्याची झाली. वर्षाभराने तो आला तेव्हा शर्टाचं वरचं बटण लावून आला होता, आणि ते मला दाखवण्यासाठीच लावलं होतं.

दुसऱ्या टोकाचा पुरावा ब्राझीलमधल्या इताबायानिन्या भागात आहे. तिथे काही कुटुंबांत जन्मजात ग्रोथ हार्मोन जवळजवळ नसतं. त्या लोकांची थायरॉइड लहान असते. आणि ॲक्रोमेगॅलीच्या ज्या रुग्णांत पिट्युटरीचं टीएसएच बनवणंच बंद पडलेलं असतं, त्यांची ग्रंथी तितकी वाढत नाही. बशीत दिसलेली बैलजोडी माणसातही तशीच चालते.

आता तुमच्या आईच्या संदर्भात शुगरचा मुद्दा, कारण तुमच्या पत्रात मला तोच महत्त्वाचा वाटला. बाइंडिंग प्रोटीन-१ हे यकृत बनवतं आणि त्याची दोरी इन्शुलिनच्या हातात असते. उपाशी असताना इन्शुलिन कमी, म्हणून हे प्रथिन जास्त. जेवलं की इन्शुलिन वाढतं आणि प्रथिन खाली येतं. टाइप टू मधुमेहात, विशेषतः पोट सुटलेलं असेल तर, शरीर इन्शुलिनला दाद देत नाही म्हणून इन्शुलिन वर्षानुवर्षं चढं राहतं. मग हे प्रथिन दबलेलं राहतं आणि आयजीएफला थोडी जास्त मोकळीक मिळते. इन्शुलिन रेझिस्टन्स असलेल्या लोकांत थायरॉइडचा आकार मोठा आणि गाठी जास्त सापडतात, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत गाठी किंचित लहान झाल्याचेही छोटे अभ्यास आहेत. पण ते छोटे आहेत. नुसत्या गाठीसाठी मी मेटफॉर्मिन लिहून देत नाही. शुगरसाठी ती द्यायचीच असेल तर आनंदाने देतो, आणि वजन उतरवायला तर प्रत्येकाला सांगतो.

मग बाइंडिंग प्रोटीन-३ कमीच्या कडेला का? वाढतं वय, ताब्यात नसलेली शुगर, यकृताचा आजार, खाणं कमी होणं, थायरॉइड मंद असणं, यातल्या कशानेही ते उतरतं. थायरॉइड मंद असेल तर थायरॉक्सिन (थायरॉइडच्या हार्मोनची गोळी) सुरू केल्यावर ते पुन्हा वर येतं. म्हणजे इथे बाण उलटाही फिरतो: प्रथिनं थायरॉइडवर परिणाम करतात आणि थायरॉइड प्रथिनांवर. आईचं टीएसएच नॉर्मल आहे, तेव्हा हे कारण बाजूला. वय आणि शुगर एवढं पुरेसं आहे. ही तपासणी खरी उपयोगी पडते ती उंची न वाढणाऱ्या मुलांत, ग्रोथ हार्मोनची कमतरता शोधताना. ५८ वर्षांच्या बाईच्या गलगंडात तिला काही अर्थ नाही, कारण ती जलाशयाची पातळी मोजते आणि आपल्याला हवं असतं ते नळाचं पाणी. नळाचं पाणी, म्हणजे ग्रंथीच्या आत प्रत्यक्ष किती आयजीएफ मोकळं आहे, ते मोजण्याची सोय कुठल्याही लॅबमध्ये नाही. पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले पैसे काढून लोक अशी पॅकेजेस करतात आणि रिपोर्टवरच्या लाल अक्षरांनी घाबरून रात्रभर जागतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या प्रथिनांवर बेतलेलं औषध गलगंडासाठी आज नाही. आयजीएफच्या रिसेप्टरवर बसणारं एक औषध आहे, टेप्रोट्युम्युमॅब. अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये त्याला मंजुरी मिळाली. पण ते ग्रेव्हज आजारात, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करते त्या आजारात, डोळे बाहेर येतात त्यासाठी. डोळ्यामागच्या पेशींवरही टीएसएचचा रिसेप्टर आणि आयजीएफचा रिसेप्टर शेजारी शेजारी बसून एकमेकांना साथ देतात, म्हणून ते लागू पडतं. त्याने शुगर वाढते आणि काहींना कमी ऐकू येऊ लागतं. (निपाणीकडचे ग्रेव्हजचे रुग्ण हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: विडी-सिगारेटने हे डोळे नक्की बिघडतात. ती आधी सोडा.)

आपल्या भागात गलगंडाचं जुनं कारण आयोडीनची कमतरता. घाटमाथ्याच्या पावसाने जमिनीतलं आयोडीन धुऊन जातं, आणि खानापूरच्या जंगलपट्टीतल्या गावांत समुद्राची मासळी रोजच्या ताटात नव्हती. ग्रंथीत आयोडीन कमी असलं की ती टीएसएचला जास्त संवेदनशील होते, आणि वर सांगितलेली जोडी थोड्या हुकुमावरही जोरात ओढू लागते. ग्रंथीत टीजीएफ-बीटा नावाचा वाढ रोखणारा घटकही असतो. आयोडीन मिळालं की तो वाढतो, म्हणजे आयोडीन नुसता कच्चा माल नाही, तो ब्रेकही आहे. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी मिठातून आयोडीन देऊन दाखवलं की गलगंड उतरतो, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज घरात पोहोचणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन असलं पाहिजे. लोणच्या-पापडासाठी आणलेलं खडे मीठ वर्षभर आमटीत पडत असेल तर तेवढं बदला, आणि मिठाचा डबा चुलीपासून लांब, झाकण लावून ठेवा.

पण आईला आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या अजिबात देऊ नका. वीस वर्षांच्या जुन्या गाठीचा काही भाग टीएसएचला जुमानेनासा झालेला असू शकतो. त्याला एकदम भरपूर आयोडीन मिळालं तर तो बेसुमार हार्मोन बनवू लागतो. छाती धडधडते, वजन उतरतं, वयस्कर माणसात हृदयाचे ठोके अनियमित होतात. गाठ 'दाबण्यासाठी' थायरॉक्सिनची गोळीही मी देत नाही, टीएसएच नॉर्मल असताना तर नाहीच. गाठ फारशी दबत नाही, आणि पाळी गेलेल्या बाईची हाडं मात्र ठिसूळ होतात.

आईसाठी पुढे काय करायचं ते सांगतो. आधी चांगली सोनोग्राफी. रिपोर्टमध्ये प्रत्येक गाठीची तिन्ही मापं आणि टायरॅड्सचा (गाठ किती संशयास्पद आहे ते सांगणारा) आकडा लिहून मागा. 'मल्टिनोड्युलर गॉइटर' एवढ्या दोन शब्दांचा रिपोर्ट घेऊन परतू नका. जुना रिपोर्ट सापडला तर तो सोबत न्या, कारण 'वाढल्यासारखी वाटते' आणि 'दोन वर्षांत एवढे मिलिमीटर वाढली' यात फार फरक आहे. सोनोग्राफीत गाठ संशयास्पद दिसली तर सुईची तपासणी, एफएनएसी. तिला घाबरू नका, इंजेक्शनपेक्षा फार वेगळी नसते. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि वजन बघा. अंगठी घट्ट होणं, चपलेचा नंबर वाढणं, दातांत फटी पडणं, यातलं काही असेल तरच आयजीएफ-१ करा.

आणि घरी एक करून बघा. आईला खुर्चीवर बसवून दोन्ही हात डोक्यावर सरळ वर धरायला सांगा, कानाला दंड टेकतील असे, एक मिनिटभर. चेहरा लालबुंद झाला, गळ्याच्या शिरा फुगल्या, दम कोंडला, तर गाठ छातीच्या हाडामागे उतरलेली असू शकते आणि गळ्यावर दिसते त्याहून मोठी असू शकते. असं झालं, किंवा आवाज बसून तीन आठवड्यांवर गेला, किंवा उताणं झोपल्यावर श्वास लागू लागला, तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात बेळगावला किंवा मिरजेला, जे जवळ पडेल तिथे, थायरॉइडची शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनना दाखवा.